घरात बिअर उकळताना वाफेचं काय करायचं

मगाशी एकाने विचारलं की एक्झॉस्ट फॅन कोणता घेऊ. फॅनवर येतोच, पण आधी एक हिशोब करूया, कारण हा हिशोब न करता घेतलेले फॅन मी बरेच पाहिलेत आणि ते बिचारे नुसते फिरत असतात.

घरची बॅच साधारण २० लिटरची. वर्ट (माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचं गोड पाणी, ज्याची पुढे बिअर होते) तासभर उकळलं की ३ लिटर पाणी सहज उडून जातं, पातेलं रुंद असेल तर ४ सुद्धा. ऐकायला किरकोळ वाटतं, पण एका लिटर पाण्याची वाफ जवळपास १,७०० लिटर जागा घेते. आता खोलीच्या हवेत किती मावतं ते बघा. २५ अंशाला एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त २३ ग्रॅम बाष्प राहतं. खोली ३० घनमीटरची धरली तर सगळं मिळून ७०० ग्रॅमच्या आतबाहेर, त्यातलं निम्मं आधीच भरलेलं असतं, म्हणजे जागा उरली ३५० ग्रॅमला आणि आपण सोडतोय ३,००० ग्रॅम! बाकीचं जिथे गार लागेल तिथे पाणी होऊन बसणार, खिडकीच्या काचेवर, छताच्या कोपऱ्यात, कपाटाच्या मागे. काच आपल्याला दिसते म्हणून आपण ती पुसतो. मीही तेच करायचो, दर वेळी काच पुसायची की झालं, आणि काही महिन्यांनी कपाट पुढे ओढलं तर मागची अख्खी भिंत काळ्या बुरशीने भरलेली. ओल एक-दोन दिवस तशीच राहिली तरी बुरशीला पुरतं.

इथे एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो. बाहेर अंगणात वापरायचे मोठे गॅस बर्नर बंद खोलीत लावू नका. खिडकी उघडी आहे, फॅन चालू आहे, काहीही असलं तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, डोकं जड होतंय हे कळेपर्यंत माणसाला उठून दार उघडायचं सुचत नाही. शिवाय गॅस जळताना स्वतःच पाणी तयार करतो, एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त, म्हणजे वाफेत अजून भर. आत करायचं असेल तर इंडक्शन किंवा विजेचं एलिमेंट.

विजेवर आलात की वाफेवर ताबाही मिळतो. एक लिटर पाणी उडवायला साधारण ०.६३ युनिट वीज लागते. उकळी फुटेपर्यंत पूर्ण पॉवर ठीक आहे, पण त्यानंतर जी जास्तीची पॉवर देतो तिची नुसती वाफ होते. जितकी जोरात उकळी तितकी बिअर चांगली असं बरेच जण धरून चालतात, मला ते पटत नाही. वर्ट हलतंय, वरखाली होतंय, एवढं पुरे. दीड-दोन लिटर उडालं तरी काम होतं.

मग झाकणच का नाही लावायचं? कारण माल्टमध्ये एस-मिथाइल-मेथिओनिन नावाचं एक द्रव्य असतं, तापलं की त्याचं डायमिथाइल सल्फाइड होतं, त्याला उकडलेल्या मक्यासारखा वास येतो, आणि हा वास वाफेबरोबर बाहेर पडायला हवा. झाकण घट्ट लावलं की वाफ आतून थेंब होऊन परत वर्टमध्ये. पिल्सनर माल्टमध्ये, म्हणजे कमी भाजलेल्या फिक्या माल्टमध्ये, हे जास्त जाणवतं. एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे तयार आटवलेलं वर्ट, वापरणाऱ्यांना सूट आहे, ते बनवतानाच बरंचसं उकळलेलं असतं, त्यामुळे कमी पाण्यात, कमी वेळ उकळून वरून गार पाणी घातलं तरी चालतं.

आता फॅन. फॅन जेवढी हवा बाहेर टाकणार तेवढी कुठून तरी आत यायला हवी की नाही? दार-खिडक्या घट्ट लावून वर मोठा फॅन बसवला तर तो फक्त आवाज करतो, आणि घरात गॅसचा गीझर असेल तर त्याचा धूर उलटा आत ओढला जातो, हे फारच वाईट. समोरच्या बाजूची खिडकी थोडी उघडा, तिथे टिश्यू पेपरची पट्टी धरा, ती आत झुकली तर हवा येतेय. हूड, म्हणजे वाफ गोळा करणारं वरचं छत्र, पातेल्यापेक्षा चारी बाजूंनी साधारण १५ सेंटिमीटर मोठा हवा. डक्टला, म्हणजे वाफ बाहेर नेणाऱ्या नळाला, उतार बाहेरच्या बाजूला द्या, नाहीतर आत साचलेलं मळकट पाणी थेट पातेल्यात ठिबकतं.

डक्टसाठी भिंत फोडता येत नसेल तर स्टीम कंडेन्सर. झाकण बंद, त्याला एक फाटा, त्या फाट्यात बारीक गार पाण्याचा फवारा, वाफ तिथेच पाणी होऊन वासासकट नळीने बाहेर. तासाला साधारण २०-२५ लिटर पाणी लागतं. बाहेर पडणारं पाणी चांगलंच कढत असतं, नळी उष्णता सोसणारी घ्या आणि तिचं तोंड पाण्यात बुडवू नका, कारण हीट बंद केल्यावर आतली वाफ आटते आणि पातेलं ते घाण पाणी वर ओढून घेतं. हीट बंद, लगेच फवारा बंद, मग झाकण आपल्यापासून लांबची कड आधी वर करून उघडा.

डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढणारं मशीन, चालेल का? दिवसाला २० लिटरवालं मशीन तासाला एक लिटरसुद्धा ओढत नाही, त्यामुळे उकळताना त्याच्या भरवशावर राहू नका, नंतर ठेवा. हवेतला दमटपणा दाखवणारा एक साधा हायग्रोमीटर भिंतीला लावा, आणि उकळी थांबली, वर्ट गार झालं तरी आकडा ६० टक्क्यांच्या खाली येईपर्यंत फॅन बंद करू नका.