जिभेला न कळणारं मीठ

(फोंडा तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, माझ्या आईचं ब्लडप्रेशर वाढलं तेव्हा डॉक्टरांनी तिला मीठ कमी करायला सांगितलं. आईनं ते व्रतासारखं पाळलं. घरातली खारी मासळी बंद झाली, लोणचं बंद झालं, तोरांची, म्हणजे मिठाच्या पाण्यातल्या कैऱ्यांची, बरणी शेजारी गेली. पेजेबरोबर तोंडी लावायला काही उरलं नाही, तरी तिनं कधी कुरकुर केली नाही. पण सहा महिने गेले तरी प्रेशर काही उतरेना. मग डॉक्टरांनी गोळी वाढवली.

मी तेव्हा अन्नपदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होतो. दिवसभर लोकांचे नमुने तपासायचे आणि घरी आल्यावर आईसाठी पुडीतलं टोमॅटो सूप ढवळायचं, असा माझा क्रम होता. तिला रात्री भात जात नसे. सकाळी चहाबरोबर चार बिस्किटं, दुपारी ब्रेडचे दोन तुकडे, रात्री सूप. हलकं जेवण म्हणून आम्ही सगळे समाधानी होतो. एका रात्री पाणी उकळेपर्यंत मी सहज त्या पुडीची मागची बाजू वाचली. 'सोडियम' या शब्दापुढे जो आकडा असतो त्याला अडीचनं गुणलं की मीठ किती ते कळतं. मी गुणलं. मग बिस्किटांचा पुडा काढला, ब्रेडची पिशवी काढली आणि कागदावर बेरीज मांडली. मोठ्या माणसानं दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आईनं पानातून जे मीठ काढलं होतं त्यातलं बरंचसं मीच तिला पुड्यांतून परत देत होतो.

बिस्किट खारट लागत नाही, आणि आमची फसगत तिथेच झाली. बिस्किट फुगवायला सोडा लागतो, तो सोडियम बायकार्बोनेट. सरबत टिकवायला सोडियम बेन्झोएट, चव खुलवायला मोनोसोडियम ग्लुटामेट, म्हणजे आपलं अजिनोमोटो. साध्या मिठाखेरीज इतक्या वाटांनी सोडियम पोटात जातं. खाऱ्या बांगड्याचा तुकडा तोंडात घातला की जीभ लगेच सांगते, पुरे. बिस्किटाच्या वेळी ती काहीच बोलत नाही.

आपल्याकडे अन्नाची पहिली तपासणी जीभ, डोळा आणि नाक करत आले. बाजारात मासळी घेताना कल्ला उघडून बघितल्याशिवाय कुठली गोंयकार बाई पैसे देते? आज कारखान्यात अन्नात जे मिसळलं जातं, त्यातल्या बऱ्याच गोष्टींमुळे हे तिन्ही तपासनीस निरुपयोगी होतात. रंगामुळे डोळ्याला फळ दिसतं, स्वादामुळे नाकाला दूध आणि वेलची जाणवते, आणि आत त्यातलं काही असतंच असं नाही. २०१८ च्या जुलैत मासळीत फॉर्मेलिन, म्हणजे मृतदेह टिकवायला वापरतात ते रसायन, असल्याची बातमी आली तेव्हा सगळा गोवा पेटून उठला, सरकारला बाहेरून येणारी मासळी काही दिवस बंद करावी लागली. तो संताप रास्त होता. तेवढीच नजर आपण मुलांच्या डब्यातल्या पुड्याकडे वळवावी, एवढीच माझी मागणी आहे.

आता एक गैरसमज आधी दूर करतो, नाहीतर घरी जाऊन तुम्ही पुड्यावर घटकांच्या यादीत छापलेल्या प्रत्येक आकड्याला घाबराल. अन्न टिकवण्यासाठी त्यात काही घालणं हे पाप नाही. आपलं पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, दुसरं काय असतं? मीठ लावून वाळवलेली कोकमाची सोलां, सुकी सुंगटं म्हणजे कोळंबी, मिठाच्या पाण्यातली तोरां, ख्रिस्ती शेजाऱ्यांकडची व्हिनेगरमधली चोरीस म्हणजे डुकराच्या मांसाची सॉसेजेस. ऊन, मीठ आणि आंबटपणा हे आपले जुने रक्षक. पुड्यावर ३३० लिहिलेलं दिसतं ते सायट्रिक आम्ल, लिंबाच्या आंबटपणातलंच. ३२२ म्हणजे लेसिथिन, बहुधा सोयाबीनमधून काढलेलं. हे आकडे कोडेक्स या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या यादीतले आहेत, आणि नुसता आकडा दिसला म्हणून ते विष ठरत नाही.

अजिनोमोटोचंही तसंच. १९०८ साली जपानच्या किकुनाए इकेदांनी समुद्री शेवाळाच्या पाण्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं. तेच ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोत आणि आपल्या सुक्या सुंगटांतही असतं. त्याला भूत समजायचं कारण नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. पुड्यावर ६२१, म्हणजे हेच अजिनोमोटो, आणि त्याच्या शेजारी ६२७, ६३१ किंवा ६३५ हे आकडे दिसले तर समजा की चव खुलवणाऱ्यांची जोडी जमली आहे. ते एकत्र आले की एकमेकांची चव कितीतरी पटींनी वाढवतात, आणि मग मैदा, पामतेल आणि मीठ एवढ्यावरही जिभेला पोटभर रश्श्याचा भास होतो.

आता जत्रेकडे येतो. लहानपणी जत्रेतून खाजं आणायचो. बेसन, गूळ, आलं, तीळ. २०२० साली गोव्याच्या खाज्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. आज जत्रेच्या त्याच फेरीत, म्हणजे बाजारात, लालभडक गोबी मंचुरियनची कढई तापलेली असते आणि पोरांची रांग तिथे असते. २०२२ मध्ये वास्कोच्या सप्ताहाच्या फेरीत अन्न व औषध प्रशासनानं या गाड्यांना आवर घालायला सांगितलं, २०२४ च्या सुरुवातीला म्हापसा नगरपालिकेनं मंचुरियनवर बंदीच घातली. बाहेर लोकांनी थट्टा केली की गोवेकर फ्लॉवरला घाबरले. फ्लॉवर निर्दोष आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये कर्नाटकानं मंचुरियनचे १७१ नमुने तपासले, त्यांतल्या १०७ मध्ये असुरक्षित कृत्रिम रंग निघाले. कापसासारख्या गुलाबी मिठाईत तर ऱ्होडामिन-बी सापडला. कापड रंगवायचा रंग तो!

आपल्या देशात अन्नासाठी आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे. टारट्राझिन म्हणजे १०२, सनसेट यलो म्हणजे ११०, कार्मोइसिन १२२, वगैरे. पण ते ठरावीक पदार्थांतच आणि ठरावीक प्रमाणातच चालतात, बहुतेक ठिकाणी किलोला १०० मिलिग्रॅमपर्यंत. गाड्यावरचा माणूस चिमटीनं मोजतो. त्याच्याकडे तराजू नाही आणि कढईवर लेबलही नाही. युरोपात या रंगांपैकी काहींवर २०१० पासून पुड्यावरच सूचना छापावी लागते की याने मुलांच्या चंचलपणावर आणि लक्ष लागण्यावर परिणाम होऊ शकतो. मला गाडेवाल्याचा राग नाही, त्याचं पोट त्यावर आहे. पण लाली हवीच असेल तर काणकोणची खोला मिरची आपल्याच भूमीत पिकते.

पुडा कसा वाचायचा, ते थोडक्यात सांगतो. घटकांच्या यादीत जे सगळ्यात जास्त ते पहिलं, हा नियमच आहे. म्हणून 'आटा' असं मोठ्या अक्षरांत मिरवणाऱ्या बिस्किटाच्या यादीत पहिला मैदा आला की बाकी जाहिरात बाजूला ठेवा. ब्राउन ब्रेडचा तपकिरी रंग कोंड्याचा की १५० नंबरच्या कॅरमेलचा, तेही तिथेच कळतं. साखर एका नावानं येत नाही. साखर, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप असे तुकडे केले की प्रत्येक तुकडा यादीत खाली सरकतो आणि मैदा वर राहतो. हे सगळं कायद्यात बसतं. 'फ्रूट ड्रिंक'मध्ये फळाचा रस निदान १० टक्के हवा, लिंबाचं असेल तर ५. उरलेल्याचा विचार तुम्हीच करा. आइस्क्रीममध्ये दुधाची चरबी निदान १० टक्के लागते, 'फ्रोझन डेझर्ट'मध्ये तिच्या जागी वनस्पती तेल असतं. दोन्ही कप शेजारी ठेवले तर मुलाला फरक सांगता येणार नाही. स्वादाच्या बाबतीत तर यादीही गप्प असते: नैसर्गिक किंवा नैसर्गिकसदृश स्वाद एवढा गट लिहिला की पुरे, त्यात कोणती रसायनं ते लिहावं लागत नाही.

आणि हे सगळं इंग्रजीत किंवा हिंदीत. मराठी-कोंकणी छापायची सक्ती नाही. माझी आई मराठी पोथ्या घडाघडा वाचायची, पण तिच्या हातातल्या पुडीवरची ओळ तिच्यासाठी लिहिलेलीच नव्हती.

एक प्रयोग सांगतो. अमेरिकेत २० माणसांना एका संस्थेत ठेवलं, त्याचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. दोन आठवडे कारखान्यातलं अतिप्रक्रियायुक्त जेवण, दोन आठवडे साधं शिजवलेलं. समोर वाढलेल्या ताटांत साखर, चरबी, मीठ, तंतू जवळपास सारखेच, आणि हवं तेवढं खायची मुभा. कारखान्याच्या जेवणावर माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली आणि दोन आठवड्यांत जवळपास किलोभर वजन वाढलं. ती भरभर खात होती. चावायला फारसं नसलं की पोटाला 'पुरे' म्हणायला वेळच मिळत नाही. एकेका आकड्यापेक्षा मला याची जास्त काळजी वाटते.

मघाशी एका वहिनींनी चिठ्ठी पाठवली, "पोदेराचा पाव तरी खावा का?" पोदेर म्हणजे आपला पाववाला. खावा. पूर्वी तो माडाच्या सुरेवर, म्हणजे ताडीवर, आंबवायचे, आता बहुतेक ठिकाणी यीस्ट. पाव फुगीर व्हावा म्हणून वापरलं जाणारं पोटॅशियम ब्रोमेट घालायला २०१६ साली देशभर बंदी आली. पोळी, म्हणजे पोदेराचा कोंड्याचा पाव, घेताना मात्र एकदा मोडून बघा, कोंडा पिठात मळलेला आहे की नुसता वरून भुरभुरला आहे. पोदेर सकाळी दारात येतो, त्यालाच विचारा. सूप बनवणाऱ्याला विचारायला तुम्ही कुठे जाणार?

आईचं सूप मी बंद केलं. टोमॅटो उकडून, गाळून, वर मिरपूड घालून देऊ लागलो. पहिले आठ दिवस तिला ते पाणचट लागलं, "पुडीतलं बरं होतं रे," म्हणाली. नवव्या दिवशी वाटी रिकामी आली.

या टेबलावर मी गावच्याच दुकानातले बारा पुडे आणले आहेत. आता ते रांगेनं मागे पाठवतो, सोबत दोन भिंगं. घटकांची ओळ शोधा, पहिली तीन नावं मोठ्यानं वाचा, आणि सोडियमचा आकडा सांगा. मी फळ्यावर लिहितो.