तेल मुरण्याआधी

(दृश्य: शिवाजी उद्यमनगर, सकाळ. अर्धं वर केलेलं शटर. आतून बफिंगचा आवाज.)

कोल्हापूरच्या उद्यमनगरातली ही छोटीशी शेड माझ्या मामांची. फौंड्रीतून आलेली कास्टिंगं इथं घासली जातात, बफ होतात आणि चकाकत बाहेर पडतात. आज मात्र टेबलावर एक रबरी रिंग ठेवलीय, आणि तिच्यावर एक निळा बॉल. तीन बोटांची तीन भोकं. वजन १४ पौंड, म्हणजे सव्वासहा किलोच्या थोडं वर. हा माझा टेनपिन बोलिंगचा बॉल. लांब लेनवरून बॉल सोडायचा आणि टोकाच्या दहा पिना पाडायच्या, असा हा खेळ.

मी खेळायला पुण्याला जाते. बॉलची निगा मात्र इथंच होते, मामांच्या हाताखाली. त्याची सुरुवात एका चुकीनं झाली.

मामांनी पहिल्यांदा बॉल हातात घेतला, अंगठा फिरवला आणि म्हणाले, "खरबरीत लागतोय की गं. दे हिकडं, आरशागत करून देतो." दिला मी. त्यांनी खरंच आरसा केला त्याचा. पुढच्या शनिवारी तो लेनवर सोडला, तर सुतात गेल्यासारखा सरळ. वळायचं नाव नाही.

(दृश्य: लेन, खेळाडूच्या पायांजवळून. लांब टोकाला दहा पिना.)

बॉल का वळतो, हे आधी बघू. फाउल लाइन म्हणजे बॉल सोडताना जी ओलांडायची नसते ती रेघ. तिथून पहिल्या पिनपर्यंत लेन ६० फूट. त्यातल्या साधारण पहिल्या ४० फुटांवर यंत्रानं तेलाचा पातळ थर दिलेला असतो. उभ्यानं बघितलं तर तो दिसतही नाही. त्या तेलावरून बॉल घसरत जातो, पुढं कोरड्या लाकडावर किंवा सिंथेटिकवर आला की पकड घेतो आणि पिनांकडं वळतो. ही पकड घेतो तो बॉलचा पृष्ठभाग. गुळगुळीत, चकचकीत बॉल जास्त घसरतो, उशिरा पकडतो. लेनवर फार तेल नसेल तेव्हा तशी चकाकी मुद्दाम ठेवतातही. पण चकाकी म्हणजे स्वच्छता नव्हे, हे मामांना आणि मला त्या शनिवारी कळलं.

बॉलबॉलांतही फरक आहे. प्लास्टिकचा, म्हणजे पॉलिएस्टरचा बॉल पालथा घडा. तेल त्याच्यात शिरत नाही, पुसलं की संपलं. माझा आहे रिअ‍ॅक्टिव्ह रेझिनचा. हे बॉल १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आले आणि खेळच बदलला. त्यांच्या अंगाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. पकड जबरदस्त, पण लेनवरचं तेल ती पीत जातात. तेल मुरत गेलं की वळण हळूहळू मरतं. खेळणाऱ्याला वाटतं, आपला हात बिघडला.

(दृश्य: बॉल अगदी जवळून, उजेडात तिरका धरलेला.)

हे बघा. लेनवरून नुकत्याच परत आलेल्या बॉलवर तेलाच्या बारीक गोल रेघा उठलेल्या असतात. एकीला चिकटून दुसरी, थोडी सरकलेली. दोन जागी त्या एकमेकींजवळ येतात, मध्ये पसरतात. बॉल लेनवर कसा फिरला, ते या रेघांत वाचता येतं. पुढच्या फेकीआधी त्या पुसायच्या. प्रत्येक वेळी, न चुकता. मायक्रोफायबरचं कोरडं कापड पुरतं. अमेरिकेतल्या बोलिंग काँग्रेस या खेळाच्या संघटनेच्या नियमांप्रमाणं तर स्पर्धा चालू असताना कोरड्या कापडाशिवाय काही लावताच येत नाही, आणि पृष्ठभाग घासायलाही बंदी आहे.

खेळ संपला की बॅग भरायच्या आधीच पुन्हा एकदा. बॉल अजून कोमट असतो, तेल वरवर असतं. बॉलचा क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घ्यायचं आणि सगळीकडून पुसायचं. शेडमध्ये हे काम मी दाराशी, उघड्यावर करते, कारण आत ग्राइंडरच्या ठिणग्या उडत असतात.

एकदा मामांनी थिनरचा डबा पुढं केला. मी त्यांचा हात धरला. थिनरनं बॉलचं कवच मऊ पडू शकतं, आणि त्याला मोठा इतिहास आहे. १९७३ मध्ये अमेरिकेत डॉन मॅकक्यून या खेळाडूनं प्लास्टिकचे बॉल मिथाइल इथाइल कीटोनमध्ये भिजवून मऊ केले. मऊ बॉलनं लेनवर अशी पकड घेतली की त्या एका वर्षात त्यानं सहा किताब जिंकले. ते रसायन पेटणारं आणि अंगाला घातक. पुढं बॉलच्या कडकपणाची किमान मर्यादाच नियमात आली. मामांनी सगळं ऐकलं, डब्याचं झाकण लावलं आणि तो वरच्या फळीवर ठेवला.

(दृश्य: बादलीतून वाफ. मामांचे हात टेप लावताहेत.)

मुरलेलं तेल काढायचं असलं तर भोकांवर वॉटरप्रूफ टेप घट्ट लावायची आणि बॉल हात सोसेल इतक्या गरम पाण्यात सोडायचा. पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. दहा पौंडांचा बॉल तरंगतो, माझा बुडतो. पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर काढला की अंगावर घाम फुटल्यासारखं तेल. पुसायचं, परत सोडायचा. उकळतं पाणी कधीच नाही.

कोल्हापुरात तेल मुरवणं हे मायेचं काम. तालमीच्या तांबड्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू कालवतात तेव्हा ती पैलवानाच्या अंगाला सोसते. चपलेच्या चामड्यालाही तेल देतात. म्हणूनच असेल, मुरलेलं तेल काढत बसायचं हे मामांना आधी पटेना.

घासायचं काम मात्र त्यांना पहिल्या दिवसापासून कळलं. पाचशे, हजार, दोन हजार, चार हजार हे घासायच्या पॅडचे आकडे त्यांच्या रोजच्या बोलण्यातले. नंबर जेवढा मोठा तेवढा दाणा बारीक. माझ्या बॉलला ते ओल्या पॅडनं आधी हजार आणि मग दोन हजार देतात. बॉलचे सहा भाग मनाशी धरतात, प्रत्येकाला तेवढाच वेळ, तेवढाच दाब. मग डोळे मिटून त्यावर बोट फिरवतात. जिथं रोज तेलाच्या रेघा उमटतात, त्या पट्ट्यावर खेळून खेळून आपोआप चकाकी येते. ती त्यांच्या बोटाला लगेच सापडते. "हितं हाय बघ, गुळगुळीत." आणि ते पुन्हा पॅड भिजवतात.

माझा पहिला बॉल लाल होता. मे महिन्यात एक दिवस तो गाडीच्या डिकीत राहिला. संध्याकाळी काढला तर मधल्या बोटाच्या भोकापासून करंगळीजवळच्या बोटाच्या भोकापर्यंत केसाएवढी रेघ. नखानं चाचपली, नख अडकलं. आतला गाभा आणि वरचं कवच उन्हात सारखं फुगत नाहीत, ताण येतो आणि बॉल तडकतो. तेव्हापासून बॉल घरात असतो, सावलीत, रिंगवर.

(दृश्य: कोल्हापूरचं बसस्थानक. गर्दी. एक जड बॅग.)

पुण्याच्या गाडीत कंडक्टर म्हणतात, "ताई, बॅग डिकीत टाका." मी ती मांडीवर घेऊन बसते.