चोर आला, चेहरा नाही आला

नमस्कार श्रोतेहो. गेल्या पावसाळ्यात मुलुंडच्या आमच्या सोसायटीतून एक सायकल चोरीला गेली. सेक्रेटरींच्या केबिनमध्ये आम्ही पाच-सहा जण टीव्हीला नाक लावून सीसीटीव्हीचं फुटेज बघत बसलो. वेळ रात्री २ वाजून १० मिनिटं. पार्किंग लख्ख दिसतंय, खांबावरचा आकडासुद्धा वाचता येतोय. मग चोर आला. चेहऱ्याच्या जागी पिठाचा गोळा आणि मागे धुरासारखी शेपटी! सायकल तेवढी नीट ओळखू आली, ती स्टँडवर उभी होती ना.

गोम इथेच आहे. उजेड कमी पडला की कॅमेरा आपणहून शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. चित्र उजळतं, पण तेवढ्या वेळात चालणारा माणूस पुढे सरकलेला असतो आणि फरफटतो. म्हणून सेटिंगमध्ये एक्स्पोजर उघडा, स्लो शटर बंद करा आणि शटर १/२५ किंवा १/५० सेकंदावर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, तेव्हा फ्लिकरच्या जागीही ५० हर्ट्झच हवं, नाहीतर ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे धावतात. शटर बदललं की चित्र काळवंडेल. काळवंडू दे. रिकामा जिना उजळ दिसून आपल्याला काय करायचंय?

ती शेपटी येते नॉइज रिडक्शनमुळे. चित्रातले दाणे पुसायला कॅमेरा आधीच्या फ्रेम पुढच्यांत मिसळतो. ते फार चढवलं असेल तर मध्यावर आणा.

आता कोळी. अंधारात बघता यावं म्हणून कॅमेऱ्याभोवती असलेल्या इन्फ्रारेड दिव्यांपुढे हा गृहस्थ जाळं विणतो आणि रात्री तो एकेक धागा दोरखंडासारखा पांढरा चमकतो. पावसाच्या थेंबांचंही तेच. महिन्यातून एकदा काठीला फडकं बांधून पुसा. कॅमेरा खिडकीच्या काचेआडून बाहेर रोखला असेल, तर इन्फ्रारेड बंदच करा. काच तो उजेड परत कॅमेऱ्याच्याच डोळ्यात मारते. त्यापेक्षा बाहेर एक साधा एलईडी बल्ब लावा. माझ्या मते बल्बाइतकं स्वस्त सेटिंग दुसरं नाही.

कॅमेरा बसवणारा येतो दुपारी, सगळं झकास दाखवतो आणि जातो. तपासायचं मात्र रात्रीच. मी रात्री एक वाजता हाफ पँटवर, छत्री घेऊन पार्किंगमधून तीनदा झपाझप चाललो. वॉचमन म्हणाला, "काका, बरं वाटत नाहीये का?"

सकाळी फुटेज लावलं. चित्र जरा काळं, पण चष्मा दिसत होता, छत्रीची मोडलेली काडीही दिसत होती. सेक्रेटरींनी पॉज केलं, निरखून बघितलं आणि म्हणाले, "चला, निदान तुम्ही तरी आता सापडाल."