मैल्याच्या टाकीला हवा द्या: छोट्या बोटीतल्या संडासाची देखभाल

नमस्कार मंडळी. बोटीच्या केबिनमध्ये वास मारायला लागला की पहिली बाटली निघते ती फिनेलची. दोन दिवस फिनेलचा वास येतो आणि तिसऱ्या दिवशी परत तोच, कुजक्या अंड्यासारखा. आज या वासाचा माग काढू. तो काढता काढता टाकी, पाइप आणि पंप तिन्हींची देखभाल समजून जाईल.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात गोबरगॅस कुणाला नवा नाही. तिथे आपण हवा मुद्दाम बंद करतो, कारण आपल्याला गॅस पाहिजे असतो. हवा नसताना जे जिवाणू काम करतात ते मिथेन काढतात आणि हायड्रोजन सल्फाइडही काढतात. कुजक्या अंड्याचा वास हाच. बोटीतली मैल्याची टाकी कोंडली की तिथेही लहानसा गोबरगॅस सुरू होतो. हवा खेळती राहिली तर दुसऱ्या जातीचे जिवाणू वाढतात. ते मुख्यतः कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि त्याला वास नसतो. पण हा वायू हवेपेक्षा जड. मैल्यावर गोधडीसारखा पसरून बसतो आणि वरची हवा खाली पोहोचू देत नाही. म्हणून टाकीला नुसतं भोक असून चालत नाही, हवा एकीकडून आत येऊन दुसरीकडून बाहेर गेली पाहिजे.

(कॅमेरा टाकीच्या वरच्या बाजूवर.)

हे बघा. बहुतेक तयार टाक्यांना हवेची एकच नळी असते, १६ मिलिमीटरची. ती टाकीतल्या हवेला भरताना बाहेर जायला पुरते, आत ताजी हवा आणायला पुरत नाही. किमान २५ मिलिमीटरची नळी घाला, जमलं तर दोन, टाकीच्या समोरासमोरच्या बाजूंना. लांबी दीड मीटरच्या आत. काटकोनी एल्बो टाळा, लांब बेंड वापरा. आणि नळी कुठेही झोळीसारखी लोंबायला नको. लोंबलेल्या जागी एक पेलाभर पाणी साचलं तरी हवा बंद, म्हणजे नळी असून नसल्यासारखी.

नळी तुंबलीय हे ओळखायचं कसं? फ्लश करताना हातपंप जड लागतो, कमोडमध्ये गुडगुड होते. टाकी तीन चतुर्थांशाच्या वर भरू दिली की बोट कलल्यावर मैला नळीत चढतो आणि तिथेच वाळतो. दर धुण्याच्या वेळी बाहेरच्या तोंडातून नळीत गोड्या पाण्याचा पाइप धरून मिनिटभर उलटं पाणी सोडा. त्याआधी टाकी उपसायचं डेकवरचं झाकण अगदी सावकाश सैल करा, चेहरा बाजूला ठेवून. आत दाब साठला असेल तर कारंजं उडतं.

आता टाकी कशाची असावी? उद्यमनगरात स्टेनलेस स्टीलची टाकी हवी त्या मापात, झकास वेल्डिंग करून मिळते, म्हणून मोह होतो. मैल्यासाठी ती करू नका. लघवीतले क्षार आणि समुद्राच्या पाण्यातलं क्लोराइड वेल्डिंगच्या रेषेवर हल्ला करतात. वरून टाकी चकचकीत दिसते आणि सांध्यात सुईच्या टोकाएवढी भोकं पडलेली असतात. ॲल्युमिनियमचंही तेच. जाड पॉलिथिनची, एकसंध साच्यातली टाकी घ्या, जाडी ८ ते १० मिलिमीटर. फॅब्रिकेटरचं कसब लावायचंच असेल तर टाकी बसवायची चौकट आणि पट्टे त्याच्याकडून करून घ्या. ६० बाय ४० बाय ४० सेंटिमीटरची टाकी म्हणजे ९६ लिटर, भरली की क्विंटलभर वजन. लाटेत ते हललं तर पाइपचे सांधे उपटतात.

आकाराचा हिशेब सोपा आहे. एका फ्लशला अडीच लिटर धरा, माणशी दिवसाला पाच वेळा. चार माणसांचे दिवसाला ५० लिटर. म्हणजे ही टाकी दीड दिवसात तीन चतुर्थांश भरते. पातळी बघायला आत तरंगणारा फ्लोट बसवू नका, तो चिकटतो आणि खोटं सांगतो. दुधी रंगाची टाकी असेल तर मागून टॉर्च लावली की रेघ स्पष्ट दिसते.

टाकी ठीक आहे, नळी मोकळी आहे, तरी वास येतोय? मग पाइप तपासा. एक जुना टॉवेल कढत पाण्यात बुडवून पिळा आणि मैल्याच्या पाइपभोवती घट्ट गुंडाळा. गार होईपर्यंत थांबा. आता टॉवेल बाहेर मोकळ्या हवेत नेऊन हुंगा. टॉवेलला वास लागला असेल तर वास पाइपच्या रबरात मुरलाय, बदलण्यावाचून इलाज नाही. पाइपचा प्रत्येक तुकडा असा वेगळा तपासा, कारण खराब बहुतेक तोच असतो ज्यात मैला साचून राहतो.

आणि साचतो का? कारण आपण पंप लवकर थांबवतो. कमोड स्वच्छ दिसला की हात थांबतो. ३८ मिलिमीटरच्या पाइपमध्ये मीटरला साधारण १.१ लिटर मावतं. पाइप दोन मीटर असेल तर कमोड स्वच्छ झाल्यावरही सव्वादोन लिटर पुढे ढकलावं लागतं, तेव्हा कुठे मैला टाकीत पोहोचतो. तुमच्या पंपाचे किती दट्टे म्हणजे एक लिटर, हे बादलीत एकदा मोजा आणि आकडा कमोडशेजारी भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. पाहुण्यांना तोंडी सांगून कुणी करत नाही.

गगनबावड्याचा घाट उतरून मालवण-देवगडला बोट नेणाऱ्यांसाठी आणखी एक ठिकाण. पंपाला पाणी आणणारा १९ मिलिमीटरचा पाइप. समुद्राच्या पाण्यात सल्फेट असतं, लिटरला अडीच ग्रॅमच्या वर, आणि बारीक जीवही असतात. आठवडाभर बोट उभी राहिली की ते जीव पाइपात मरतात आणि सल्फेटचं सल्फाइड होतं. सोमवारी पहिला दट्टा मारला की भपकारा येतो तो या पाण्याचा, टाकीचा नव्हे. कमोडमध्ये वरून गोडं पाणी ओतून हा पाइप धुतला जात नाही, कारण ते पाणी त्या वाटेनं जातच नाही. हात धुण्याच्या बेसिनच्या निचऱ्याला एक टी (तीन तोंडांचा जोड) लावून तो या पाइपला जोडा. बोट सोडताना समुद्राचं पाणी आत घेणारा तळाचा कॉक बंद करा, बेसिन गोड्या पाण्यानं भरा आणि ते पंपानं ओढून घ्या. पिण्याच्या टाकीला थेट जोड मात्र कधीच द्यायचा नाही, मैल्याचे जंतू उलटे चढू शकतात. धरणाच्या गोड्या पाण्यात हा त्रास बराच कमी असतो.

(टेबलावर उघडलेला पंप.)

आता पंप. वर्षातून एकदा तो उघडायचा, बिघडायची वाट बघायची नाही. पाणी आत घेणारा कॉक बंद करा, पंप कोरडा होईस्तोवर मारा, मग बाहेर जाणारा कॉकही बंद करा आणि खाली तसराळं ठेवा. मैला बाहेर जातो त्या टोकाचे स्क्रू काढले की हा रबरी तुकडा हातात येतो. याला जोकर व्हॉल्व्ह म्हणतात. याच्या टोकाला चिरेसारखे ओठ आहेत, मैला पुढे जाऊ देतात आणि परत येऊ देत नाहीत. उजेडाकडे धरा. ओठातून उजेड दिसला तर हा गेला. फ्लशनंतर कमोडमधलं पाणी हळूहळू परत वर येत असेल तर दोषी बहुतेक वेळा हाच असतो. नवा बसवताना निमुळतं टोक टाकीच्या दिशेला. उलटा बसला की पंप फुटेल इतका दाब लागतो.

आतली झडप, वरचं गॅस्केट, दट्ट्याची ओरिंग हेही त्याच खेपेला बदला. ग्रीस सिलिकॉनचं लावा. व्हॅसलिन आणि वंगणतेल नको, त्यानं काही जातींचं रबर फुगतं. फिनेलमधल्या पाइन तेलाचाही तोच परिणाम, म्हणून सुरुवातीलाच फिनेलचं नाव घेतलं. स्क्रू प्लास्टिकमध्ये बसतात: आधी उलटा फिरवा, टक् असा जुन्या आट्यात बसल्याचं बोटाला जाणवेल, मग सुलटा. वरच्या झाकणाचे स्क्रू समोरासमोरच्या जोडीनं थोडे थोडे आवळा. शेवटी प्रत्येक सांध्याभोवती कोरडा कागद फिरवून दहा दट्टे मारा. कागद ओला झाला तर गळती तिथेच.

पंप बरोबर असून जड चालतो तेव्हा पाइपात खडा धरलेला असतो. लघवीतले आणि समुद्राच्या पाण्यातले क्षार मिळून पांढरा थर बसतो. चार मिलिमीटरचा थर म्हणजे ३८चा पाइप ३० वर आला, आणि वाट ३८ टक्के कमी झाली. आठवड्याला कपभर व्हिनेगर घालून चार-पाच दट्ट्यांत पाइपभर पसरवा आणि अर्ध्या तासानं गोड्या पाण्यानं काढून टाका. त्यानं नवा थर धरायचा थांबतो. जुना जाड थर यानं जात नाही. त्यासाठी पाइप काढून फरशीवर आपटा, खपल्या निघतात. संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकाच दिवशी त्या कमोडमध्ये नको. क्लोरीन वायू तयार होतो आणि बंद केबिनमध्ये तो माणसाला मारू शकतो.

एक धोका वासाचा नाही, बुडण्याचा आहे. कमोड पाण्याच्या रेषेच्या खाली असेल तर बाहेरचं पाणी सायफननं आत येतं आणि रात्रीत बोट भरते. पंप आणि कमोड यांच्यामधला पाइप रेषेपासून किमान ३० सेंटिमीटर वर उचलून वळसा द्या, माथ्यावर सायफन तोडणारी झडप लावा आणि ती दरवर्षी धुवा, कारण मीठ धरून ती अडकते. टोकांना दोन-दोन क्लिपा. कॉक तुटला तर भोकात ठोकायला त्याच्याजवळ लाकडी निमुळतं बूच दोरीनं बांधून ठेवा.

टाकी रिकामी कुठे करायची? पाण्यात नाही. काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइननं कोल्हापूरच्या नळाला पाणी येतं. १९७४च्या जल प्रदूषण कायद्याचं कलम २४ ओढ्या-नदीत घाण सोडायला बंदी घालतं. समुद्रात मोठ्या जहाजांनाही प्रक्रिया न केलेला मैला १२ सागरी मैलांच्या, म्हणजे २२ किलोमीटरच्या आत सोडता येत नाही. मग खाडीत सोडायचा प्रश्नच नाही. बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह बंद करून कुलूप घाला.

सेप्टिक टाक्या उपसणारा सक्शन टँकर बोलवा, आणि तो मैला सांडपाणी प्रक्रिया केंद्रातच जाईल हे आधी ठरवून घ्या. टँकरचा पाइप जाड असतो, म्हणून ३८ पर्यंत उतरणारा रिड्युसर स्वतःजवळ ठेवा. टँकर सुरू होण्याआधी हवेची नळी मोकळी आहे का बघा. हवेच्या दाबाचा फक्त दहावा हिस्सा कमी झाला तरी आपल्या टाकीच्या ६० बाय ४०च्या माथ्यावर सुमारे २४५ किलोचा भार येतो, आणि टाकी आत चेपते. उपसल्यावर २० लिटर पाणी दोनदा घालून परत ओढा. हाउसबोटीची टाकी मोठी असली तरी तिच्यात माणूस उतरवायचा नाही. हातानं मैला उपसण्याविरुद्धच्या २०१३च्या कायद्यानं सेप्टिक टाकीत माणूस संरक्षक साधनांशिवाय उतरवणं गुन्हा आहे, आणि हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकाला वास यायचाच बंद होतो, त्यामुळे आतल्याला धोका कळत नाही.

दिवसभराचीच बोट असेल तर एवढा पसारा नको. दोन खणांचा सुटा संडास घ्या, वर पाणी, खाली १०-२० लिटरचा डबा. डबा उचलून घरच्या संडासात ओततात. फक्त मधल्या सरकत्या झडपेच्या रबराला महिन्याला सिलिकॉन लावा आणि ओतताना हवेचं बटण दाबून धरा, म्हणजे उसळी येत नाही.

पावसाळ्यात बोट वर काढताना टाकी धुऊन रिकामी करा आणि हवेच्या नळ्या उघड्याच ठेवा. पण त्या तोंडांवर मच्छरदाणीच्या कापडाचा तुकडा बांधा, कारण कुंभारीण माशी अशा नळीत हमखास मातीचं घर करते. कापडाला लाल चिंधी लावा, म्हणजे पाण्यात उतरवताना काढायची आठवण राहील. ओलं कापड तोंडावर राहिलं तर नळी पुन्हा बंदच.