इतवारीहून पत्र

[दृश्य : इतवारी, किराणा ओळ. सकाळ. हातगाड्या, मिरचीची पोती.]

दुपारी नागपूरच्या इतवारी बाजारात पाय ठेवायला जागा नसते, म्हणून ताई सकाळीच निघतात. भाव विचारायचा, पोत्यातली भिवापुरी मिरची हातात घेऊन बघायची, दुकानदाराशी चार शब्द बोलायचे. दर रविवारी वाचकांना ईमेलने जाणाऱ्या त्यांच्या पत्राचं निम्मं काम इथेच उरकतं.

[दृश्य : वही, जवळून.]

उजव्या पानावर टिपणं. डाव्या पानावर वाचकांचे ईमेल पत्ते, ज्याचे त्याने लिहिलेले. एकाने तर पत्त्याखाली सहीसुद्धा ठोकली आहे! सुरुवात शाळेतल्या मैत्रिणी आणि पुण्याला नोकरीला गेलेल्या भाचरांपासून झाली. फेसबुकवर लिहिलेलं कुणाला दिसावं, हे फेसबुक ठरवतं. ही यादी ताईंची स्वतःची आहे. अशी पत्रं पाठवायच्या सेवा येत राहतात : मेलचिंप २००१ सालचं, सबस्टॅक २०१७ चं, उद्या आणखी एखादं येईल. यादीची फाईल हाताशी असली की वाचकांसकट घर बदलता येतं. ताई ती अधूनमधून पेनड्राइव्हवर उतरवून ठेवतात.

[दृश्य : मारबत मिरवणूक. ढोल, गर्दी, गच्च्यांवरची माणसं. आवाज पूर्ण ठेवावा.]

“ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!”

पोळ्याचा दुसरा दिवस. मारबत म्हणजे ईडा पीडा घेऊन जाणारा मोठा पुतळा. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. मागोमाग बडगे, म्हणजे आणखी पुतळे, गळ्यात महागाईच्या, खड्ड्यांच्या, पुढाऱ्यांच्या नावाच्या पाट्या घेऊन. ताई गर्दीत शिरून पाट्या उतरवून घेतात, शब्दन् शब्द. मिरवणूक संपली की मारबत जाळतात, बडगे जाळतात, पाट्याही जातात. या वहीत तेवढ्या उरतात. (हे फुटेज आमच्याने कापवलं नाही.)

[दृश्य : टेबल, संगणक, चहा.]

ईमेल १०२ केबीच्या वर गेलं की जीमेल ते मध्येच कापतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, इंग्रजी अक्षर एकच. त्यात पत्राच्या साच्याचा कोड आधीच जागा अडवून बसलेला. म्हणून मारबतीचं पत्र दोन रविवारांत गेलं.

‘सदस्यत्व रद्द करा’ ही ओळ ताई अगदी वर ठेवतात. ती शोधून सापडली नाही की माणूस सरळ ‘स्पॅम’ दाबतो, आणि अशा तक्रारी वाढल्या की बाकीच्यांचंही पत्र स्पॅममध्ये पडायला लागतं. जीमेल आणि याहूने २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना एका क्लिकवर सुटका देणं बंधनकारक केलं. ताईंची यादी छोटी, नियम त्यांना लागू नाही.

किती जणांनी उघडलं, तो आकडा त्या बघत नाहीत. ॲपलच्या मेलमध्ये २०२१ पासून पत्रातली चित्रं आपोआप आधीच उतरवून घेण्याची सोय आली, त्यामुळे न उघडलेलंही उघडलेल्यात मोजलं जातं. त्या उत्तरं बघतात. “काहून हो ताई, सांबारवडीचं कधी लिहून राहिले?” असं आलं की पुढचा विषय ठरला. (सांबार म्हणजे इकडे कोथिंबीर.)

[दृश्य : मे महिना, दुपार. रिकामा रस्ता, कूलर.]

उन्हाळ्यात बाजार सुटतो, पत्र सुटत नाही. दिवाळीनंतर लिहून ठेवलेली दोन-तीन पत्रं तेव्हा कामी येतात. नेमाने लिहिणं म्हणतात ते बरंचसं या शिलकीवर चालतं.

पैसे? अजून नाहीत. ओळीतल्या एका दुकानाला पत्र वाचून पुण्याहून मिरचीची ऑर्डर आली, एवढंच.

[दृश्य : पडदा. ‘पाठवा’वर बोट.]

पुढच्या रविवारी सांबारवडी. पत्ता वहीत लिहून द्यायचा.