नव्या माउथ ऑर्गनचा पहिला आठवडा

नमस्कार, श्रोतेहो.

नवा माउथ ऑर्गन हातात आला की पहिली ऊर्मी येते ती जीव खाऊन फुंकायची. तेवढं करू नका. पहिला आठवडा रोज पंधरा-वीस मिनिटं, हलक्या श्वासाने वाजवा. हलक्या श्वासाने, हे पुन्हा सांगतो, कारण मी तसं केलं नव्हतं.

तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. आमचं घर फोंड्याजवळ. माझे मामा तारवटी, बोटीवर नोकरीला. चवथीच्या आदल्या दिवशी ते आले आणि ट्रंकेतून दहा भोकांचा माउथ ऑर्गन काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवला. वडीलधारी मंडळी गणपतीवर टांगायच्या माटोळीला सुपारीचे घोस नि कवंडाळाची फळं बांधत होती, आणि मी ओसरीवर बसून फुंकत होतो. आरतीलाही मीच, जेवणं झाल्यावरही मीच. ओठ सोलवटले तरी थांबलो नाही. पाचव्या दिवशी गणपती पोचवायला निघालो, तेव्हा चौथ्या भोकातून श्वास आत ओढला आणि रिषभ घसरलेला निघाला.

रडत रडत भजनाच्या बुवांकडे गेलो. ते पेटी वाजवायचे आणि दुरुस्तही करायचे. त्यांनी स्क्रू काढले, पत्रा खिडकीशी धरला. तांदळाच्या दाण्याएवढ्या रुंदीची पितळेची पट्टी, आणि तिच्या मुळाशी केसासारखी बारीक चीर. मग त्यांनी स्वतःची पेटी उघडून आतल्या पट्ट्या दाखवल्या. तशाच पितळेच्या, फक्त मोठ्या. म्हणाले, "बाबू, ही दोन्ही एकाच गोत्राची. मी भात्यावर हात टेकवतो रे, आदळत नाही."

पेटीवरून आठवलं. १९४० मध्ये आकाशवाणीने आपल्या कार्यक्रमांत पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत चालली. गावोगावच्या भजनी मंडळांनी त्या काळात पेटी सोडली नाही, याचं मला फार मोल वाटतं.

असो. बुवांनी समई लावली. वातीपासून वीतभर अंतरावर माउथ ऑर्गन धरायला लावला आणि म्हणाले, "फुंक. ज्योत वाकू दे, विझता नये." तीन वेळा विझली. चौथ्यांदा ज्योत नुसती झुकली, आणि पहिल्या भोकातून असा गोल, भरलेला षड्ज आला की आतून आजी बघायला आली.

दहा भोकांत वीस पट्ट्या असतात, दहा फुंकताना बोलणाऱ्या, दहा ओढताना. हलक्या वादनाने नव्या पट्ट्या मोकळ्या होतात असं म्हणतात; ते खरंच होतं का, यावर वादकांत वाद आहे. पण जोराच्या श्वासाने पितळ थकतं, सूर उतरतो, शेवटी पट्टी चिरते, यावर वाद नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात सूर वाकवायचे, म्हणजे श्वासाने मुद्दाम खाली ओढायचे, प्रयोग नकोत. वाजवण्याआधी चूळ भरा, वाद्य दोन्ही तळव्यांत धरून कोमट करा. थंड पट्टीवर श्वासाचं पाणी धरतं आणि ती अडखळते.

वाजवून झाल्यावर भोकं खाली करून तळहातावर हळू आपटा, लाळ निघून जाईल. मधली चौकट लाकडी असेल तर पाण्याखाली धरू नका, लाकूड फुगतं. आपल्याकडे आषाढ-श्रावणात दारं फुगून बसतात, तसंच. आणि डबी लगेच बंद करू नका, वाद्य आतून सुकू द्या.

आज दिवेलागणीला समईसमोर बसून बघा. हलक्या श्वासाने. नमस्कार.