बेअर्स, पॅकर्स आणि शंभर वर्षांचं वैर

श्रोतेहो, नमस्कार.

शिकागोहून मिशिगन सरोवराच्या काठानं उत्तरेला निघालं, की सव्वातीनशे किलोमीटरवर ग्रीन बे नावाचं गाव लागतं. वस्ती लाखाच्या थोडी वर. हे गाव आणि ते महानगर अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर शंभराहून अधिक वर्षं एकमेकांशी झुंजत आहेत. गावाचा संघ पॅकर्स, शहराचा संघ बेअर्स. पहिला सामना १९२१ साली झाला आणि शिकागोनं तो २०-० असा जिंकला. दोन्ही संघ एकाच विभागात असल्यानं दर हंगामात दोनदा गाठ पडते. त्यामुळे हिशेब कधी मिटतच नाही.

पॅकर्स हे नाव मांस डबाबंद करणाऱ्या एका कंपनीवरून आलं. १९१९ साली तिनं खेळाडूंच्या गणवेशासाठी पैसे दिले होते. आज या संघाला कुणी एक धनाढ्य मालक नाही. पाच लाखांहून जास्त सामान्य माणसं त्याचे भागधारक आहेत. त्यांना लाभांश मिळत नाही, की तो भाग नफ्यानं विकता येत नाही. तरीही लोक ते प्रमाणपत्र चौकटीत बसवून भिंतीवर लावतात. हंगामी तिकिटाच्या प्रतीक्षायादीत लाखाहून जास्त नावं आहेत. अशा गावात शिकागोकडून झालेली हार आठवडाभर घराघरात सलते, यात नवल ते काय!

ग्रीन बे ज्या राज्यात आहे ते विस्कॉन्सिन हे दुधदुभत्याचं राज्य. म्हणून शेजारच्या इलिनॉयचे, म्हणजे शिकागोच्या राज्यातले, लोक तिथल्या माणसांना 'चीजहेड' म्हणून हिणवायचे. १९८७ साली विस्कॉन्सिनमधल्याच मिलवॉकी शहरातल्या एका तरुणानं आईच्या सोफ्याची गादी कापली, तिला चीजच्या तुकड्याचा आकार आणि रंग दिला, आणि ती डोक्यावर घालून तो बेसबॉलच्या सामन्याला गेला. बघता बघता पॅकर्सच्या प्रेक्षकांत त्या पिवळ्या त्रिकोणी टोप्यांचं पीक आलं. शिवी डोक्यावर मिरवणारे हे लोक मला फार आवडतात.

पण सगळंच इतकं खेळकर नसतं. २०११ च्या जानेवारीत, सुपर बोलच्या, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्याच्या, उंबरठ्यावर, पॅकर्सनी शिकागोत येऊन बेअर्सना २१-१४ असं हरवलं. दुसऱ्या दिवशी शिकागोजवळचा एक मोटार-विक्रेता पॅकर्सचा टाय घालून कामावर गेला. त्याची आजी नुकतीच वारली होती, ती पॅकर्सची चाहती होती. टाय काढायला त्यानं नकार दिला आणि त्याची नोकरी गेली. मालकाला अपमान वाटला असेल. मला मात्र हा अन्याय वाटतो. पुढे दुसऱ्या एका दुकानानं त्याला काम दिलं, हे शिकागोकरांच्या बाजूनं सांगायलाच हवं.

आता जॉर्ज हॅलस. बेअर्सचा संस्थापक, मालक, प्रशिक्षक, सगळं काही तोच. ग्रीन बेच्या माणसाला याच्याइतका नकोसा माणूस शोधून सापडला नसता. १९५६ साली ग्रीन बेचं जुनं मैदान अपुरं पडू लागलं. नवं बांधायचं तर नगरपालिकेनं कर्ज काढायला हवं, आणि त्यासाठी गावकऱ्यांचं मतदान होतं. त्या वेळी हा हॅलस शिकागोहून आला आणि भर सभेत उभा राहून म्हणाला, की मैदानाच्या बाजूनं मत द्या. त्याला व्यवहारही कळत होता: पॅकर्स बुडाले तर बेअर्सनी लढायचं कुणाशी? पुढे १९६१ पासून दूरचित्रवाणीचा पैसा सगळ्या संघांत सारखा वाटला जाऊ लागला, तेव्हाही मोठ्या शहराच्या या मालकानं त्याला पाठिंबा दिला. एवढंसं ग्रीन बे आज टिकून आहे त्याचं एक मोठं कारण ही समान वाटणी आहे.

गावकऱ्यांनी मैदानाला कौल दिला. १९५७ च्या सप्टेंबरमध्ये तिथं पहिला सामना झाला तो बेअर्सशीच, आणि पॅकर्सनी हॅलसच्या संघाला २१-१७ असं हरवलं! तेच मैदान आज लॅम्बो फील्ड म्हणून ओळखलं जातं.

हॅलस १९८३ साली वारला. तेव्हापासून बेअर्सच्या गणवेशाच्या डाव्या बाहीवर त्याच्या नावाची आद्याक्षरं असतात. ती बाही घालून ते लॅम्बो फील्डवर उतरले, की ऐंशी हजार माणसं जिवाच्या आकांतानं त्यांची हुर्यो उडवतात.